पोटातील वस्ती

नांदेड जिल्ह्यातील कंधार हे गाव लाल कंधारी गाई-बैलांसाठी प्रसिद्ध आहे. लातूर जिल्ह्यातील देवणी हे गाव देवणी जातीच्या जनावरांसाठी ओळखले जाते. लाल कंधारी जनावर गर्द तांबड्या रंगाचे असते. देवणी जनावराच्या पांढऱ्या अंगावर बहुधा काळे ठिपके असतात. या दोन्ही जातींनी मराठवाड्याच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या साथ दिली आहे.

ही जनावरे कडबा खातात. ज्वारीची कणसे काढून घेतल्यावर जी वाळलेली ताटे उरतात, त्यांना कडबा म्हणतात. माणसाला कडबा पचत नाही. मग गाईला तो कसा पचतो? खरे सांगायचे तर गाईलाही तो एकटीच्या बळावर पचत नाही. गाईच्या पोटाचा एक मोठा कप्पा असतो. त्याला कोटीपोट म्हणतात. या कोटीपोटात डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्मजीव राहतात. ते कडब्यातील चिवट तंतू आंबवतात आणि मोडतात. त्यातून गाईला शक्ती मिळते. म्हणजे गाय या सूक्ष्मजीवांना घर आणि अन्न देते, आणि ते गाईचे पोषण करतात.

एखादे वेळी बैल दावे तोडून खळ्यावर जातो आणि ज्वारीच्या राशीत तोंड घालतो. पोट फुटेपर्यंत दाणे खातो. मग तो रवंथ करीत नाही, चाऱ्याला तोंड लावीत नाही आणि एका जागी मलूल बसून राहतो. एकदम जास्त दाणे पोटात गेल्यामुळे तेथे आम्ल वाढते आणि उपयोगी सूक्ष्मजीव मरू लागतात. अशा वेळी पशुवैद्य इतर औषधोपचार करतात आणि कधी कधी आणखी एक उपाय योजतात. निरोगी जनावराच्या कोटीपोटातील थोडे पाणी काढून, ते गाळून, नळीने आजारी जनावराच्या पोटात सोडतात. त्या पाण्याबरोबर जिवंत सूक्ष्मजीव जातात. उजाड झालेली वस्ती पुन्हा वसू लागते आणि जनावर रवंथ करू लागते.

जनावराच्या बाबतीत जे करता येते, ते माणसाच्या बाबतीतही करता येईल का? हा प्रश्न आज जगातील अनेक डॉक्टरांपुढे आहे. विशेषतः मधुमेहामुळे ज्यांचे पोट बिघडले आहे, अशा रोग्यांना या उपायाचा उपयोग होईल का, याचा शोध चालू आहे. हा शोध काय आहे आणि त्याचा आपल्या घराशी काय संबंध आहे, ते या पाठात समजून घेऊ.

प्रथम आपल्या पोटाची रचना पाहू. आपण खाल्लेला घास अन्ननलिकेतून जठरात जातो. जठराला उर्दूत ‘मेदा’ म्हणतात. जठरात अन्न घुसळले जाते आणि त्याची पातळ पेज होते. ही पेज थोडी थोडी करून लहान आतड्यात उतरते. लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. अन्नातील बहुतेक सत्त्व तेथेच शोषले जाते. जे पचत नाही, ते सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात जाते. येथेच आपल्या पोटातील सर्वांत मोठी वस्ती आहे.

शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये केलेल्या मोजणीनुसार एका प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. माणसाच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आहेत. म्हणजे आपल्या शरीरात आपल्यापेक्षा पाहुण्यांचीच संख्या अधिक! पण जिवाणू इतके लहान असतात की, या सर्वांचे वजन २०० ग्रॅमच्या आसपासच भरते. त्यांतील बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात राहतात. माणसाच्या पोटातून निघालेले सूक्ष्मजीव हॉलंडमधील अँटनी व्हान लेव्हेनहूक याने १६८१ मध्येच आपल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते.

जिवाणूंना उर्दूत आपण ‘जरासीम’ म्हणतो. जरासीम हा शब्द ऐकला की, आपल्याला रोगच आठवतो. पण सर्वच जरासीम शत्रू नसतात. ज्वारी, डाळी, भाज्या आणि फळे यांतील तंतू आपल्याला पचवता येत नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचे एक आम्ल तयार होते. आतड्याच्या आतील अस्तराच्या पेशी या आम्लावर जगतात. हे जिवाणू काही जीवनसत्त्वेही तयार करतात. शिवाय ते जागा अडवून बसलेले असल्यामुळे रोगाच्या जंतूंना सहजासहजी पाय रोवता येत नाहीत. ज्या गल्लीत चांगली माणसे दाटीने राहतात, तेथे चोराला राहायला जागा मिळत नाही, तसेच हे आहे.

प्रत्येक माणसाची ही वस्ती थोडी वेगळी असते. आहार, वय, औषधे आणि राहण्याची जागा यांप्रमाणे ती बदलते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर बरेच काम केले आहे. त्यांनी एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांच्या आतड्यांतील जिवाणू तपासले. एकाच घरात राहणाऱ्या आजोबा, मुलगा आणि नातू यांच्या पोटांतील वस्तीतही वयानुसार फरक पडतो, असे त्यांना आढळले. हे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. भोपाळ आणि केरळ येथील निरोगी लोकांची तुलना करणारे दुसरे एक संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. जसे ताट, तशी वस्ती, असे त्यावरून दिसले.

आता मधुमेहाकडे वळू. मधुमेहाला उर्दूत ‘जियाबेतीस’ म्हणतात. घरात आपण त्याला नुसते ‘शुगर’ म्हणतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. नांदेड असो की लातूर, मधुमेहाचा एकही रोगी नाही अशी गल्ली आता सापडणे कठीण आहे.

स्वादुपिंडात इन्सुलिन नावाचे द्रव्य तयार होते. ते रक्तातील साखर पेशींत पोहोचवते. काही रोग्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. हा मधुमेहाचा पहिला प्रकार. तो बहुधा लहान किंवा तरुण वयात सुरू होतो. दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असते, पण ते पुरेसे काम करीत नाही. आपल्याकडील बहुतेक रोगी दुसऱ्या प्रकारचे आहेत. दोन्ही प्रकारांत रक्तातील साखर वाढते.

साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, तर डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांना इजा होते, हे आपण ऐकलेले असते. पण ती पोटालाही इजा करते, हे फार थोड्यांना माहीत असते. जठर आणि आतडी ही नुसती नळी नाही. त्यांच्या भिंतींत दहा कोटींहून अधिक चेतापेशी असतात. त्या आतड्याच्या स्नायूंना ‘आता आवळ, आता सैल हो’ असे हुकूम देत असतात. त्यामुळे अन्न पुढे सरकते. वाढलेल्या साखरेने या चेता झिजतात, तेव्हा हुकूम नीट पोहोचत नाहीत.

मग काय होते? निरोगी माणसाने जेवण केल्यावर साधारण चार तासांत जठर जवळजवळ रिकामे होते. चेता बिघडलेल्या रोग्याचे अन्न त्याहून कितीतरी जास्त वेळ जठरात पडून राहते. दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते. मळमळते, उलटी होते, पोट फुगते. काहींना ‘कब्ज’ म्हणजे बद्धकोष्ठता होते. काहींना जुलाब होतात, आणि तेही पुष्कळदा रात्री. कधी शौचावर ताबा राहत नाही आणि कपडे खराब होतात. शिवाय अन्न केव्हा पुढे सरकेल याचा नेम नसतो. त्यामुळे इन्सुलिन घेतले तरी साखर कधी एकदम उतरते, तर कधी एकदम चढते.

आतड्याची हालचाल मंदावली की, वस्तीही बिघडते. वाहत्या नाल्याचे पाणी स्वच्छ राहते, साचलेल्या डबक्यात शेवाळ माजते. त्याचप्रमाणे जेथे जिवाणू थोडे असावेत, त्या लहान आतड्यात ते वाढतात. वायू धरतो आणि जुलाब वाढतात.

मधुमेही लोकांच्या पोटातील वस्ती खरोखरच वेगळी असते का? याचा शोध आपल्या महाराष्ट्रातही घेतला गेला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे भारतीयांच्या मधुमेहाचा अभ्यास करणारे नामवंत डॉक्टर आहेत. ते, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील संशोधक यांनी मिळून एक अभ्यास केला. त्यांनी तीन गट घेतले. एका गटात मधुमेह नसलेले लोक होते. दुसऱ्यात नुकताच मधुमेह झाल्याचे कळलेले लोक होते. तिसऱ्यात पूर्वीपासून मधुमेह असलेले आणि औषध घेणारे लोक होते. तिन्ही गटांच्या आतड्यांतील सूक्ष्मजीवांत फरक आढळला. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण येथे घाई करून चालणार नाही. वस्ती बिघडली म्हणून मधुमेह झाला, की मधुमेह झाला म्हणून वस्ती बिघडली? आधी कोंबडी की आधी अंडे, असा हा प्रश्न आहे. मधुमेहावरील मेटफॉर्मिन या गोळीनेही आतड्यातील जिवाणू बदलतात, असे २०१५ मधील संशोधनात दिसून आले. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. विज्ञानाचा हा नियम नेहमी लक्षात ठेवावा.

कारण कोणतेही असो, बिघडलेली वस्ती पुन्हा वसवता आली तर रोग्याला आराम पडेल का? ही वस्ती बदलण्याच्या उपायाला ‘सूक्ष्मजीव-प्रत्यारोपण’ म्हणतात. प्रत्यारोपण या शब्दात ‘रोप’ दडलेले आहे. वाफ्यातील रोप काढून दुसरीकडे लावावे, तसे एका शरीरातील वस्तू दुसऱ्या शरीरात लावणे म्हणजे प्रत्यारोपण. उर्दूत यालाच ‘पैवंदकारी’ म्हणतात. मूत्रपिंडाचे किंवा डोळ्याच्या बुबुळाचे प्रत्यारोपण आपण ऐकले आहे. येथे मात्र निरोगी माणसाच्या विष्ठेतील जिवंत सूक्ष्मजीव रोग्याच्या आतड्यात पोहोचवले जातात.

हे वाचून तुम्ही नाक मुरडले असेल. त्यात नवल नाही. पण डॉक्टरांच्या दृष्टीने विष्ठा म्हणजे मोठ्या आतड्यातील वस्तीचा नमुना. तो मिळवण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही. रोग्याला जे देतात, ते गाळून शुद्ध केलेले द्रव असते. पुष्कळदा ते बंद कॅप्सूलमध्ये असते. त्याला वास नसतो की चव नसते.

ही कल्पना नवी नाही. चीनमधील गे हाँग या वैद्याने चौथ्या शतकात जुलाबाच्या गंभीर रोग्यांसाठी असा उपाय लिहून ठेवला होता. आधुनिक काळात अमेरिकेतील डेनव्हर येथे डॉ. बेन आयझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये चार रोग्यांवर हा उपाय केला. त्या रोग्यांच्या आतड्याला भयंकर सूज आली होती. चौघेही बरे झाले.

मात्र त्याचा पक्का पुरावा मिळायला २०१३ साल उजाडले. प्रतिजैविके, म्हणजेच अँटिबायोटिक औषधे, पुष्कळ दिवस घेतली की आतड्यातील चांगले जिवाणूही मरतात. मग तेथे क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा एक दुष्ट जिवाणू माजतो आणि जुलाब थांबता थांबत नाहीत. हॉलंडमधील डॉक्टरांनी अशा रोग्यांचे गट पाडले. नुसते औषध घेतलेल्या १३ पैकी ४ जण बरे झाले. ज्या १६ जणांवर प्रत्यारोपण केले, त्यांतील १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हा आजार उलटू नये म्हणून अशा प्रकारच्या पहिल्या औषधाला नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली. तोंडाने घ्यायच्या कॅप्सूलला एप्रिल २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

आपल्या देशातही यावर काम झाले आहे. लुधियानाचे दयानंद मेडिकल कॉलेज आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था येथे मोठ्या आतड्याला व्रण पडणाऱ्या रोग्यांवर प्रत्यारोपणाचे प्रयोग झाले. दिल्लीच्या प्रयोगात प्रत्यारोपणाबरोबर विशेष आहारही दिला होता. त्याचे चांगले निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

मधुमेहाच्या बाबतीत काय आढळले? येथे दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. पहिला प्रश्न असा की, प्रत्यारोपणाने मधुमेह बरा होतो का? हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम येथे सडपातळ, निरोगी माणसांचे सूक्ष्मजीव स्थूल पुरुषांना दिले. या पुरुषांना मधुमेह झालेला नव्हता, पण त्यांच्या शरीरात इन्सुलिनचे काम मंदावले होते. सहा आठवड्यांनी ते थोडे सुधारले, असे २०१२ मध्ये जाहीर झाले. पुढे २०१७ मध्ये दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, अठरा आठवड्यांनी ही सुधारणा नाहीशी होते. नवे पाहुणे आले, पण टिकले नाहीत. म्हणून पहिल्या प्रश्नाचे आजचे उत्तर ‘नाही’ असेच आहे.

दुसरा प्रश्न असा की, मधुमेहामुळे झालेला पोटाचा त्रास प्रत्यारोपणाने कमी होतो का? याचा चांगला प्रयोग डेन्मार्कमधील आर्हूस विद्यापीठ रुग्णालयात झाला. पहिल्या प्रकारचा मधुमेह आणि पोटाचा तीव्र त्रास असलेले २० रोगी निवडले. त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला सूक्ष्मजीव असलेल्या कॅप्सूल दिल्या. दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या, पण सूक्ष्मजीव नसलेल्या कॅप्सूल दिल्या. कोणाला कोणती कॅप्सूल मिळाली, हे रोग्यालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नव्हते. असे का केले? औषध मिळाले या विश्वासानेच माणसाला कधी कधी बरे वाटते. तो परिणाम वेगळा काढता यावा, म्हणून ही काळजी घेतात. या प्रयोगाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. खऱ्या कॅप्सूल घेतलेल्या गटाचा त्रास दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाला.

ही आशेची बातमी आहे. पण २० रोगी म्हणजे तुमच्या वर्गातील निम्मी मुलेही नव्हेत! एवढ्यावरून सर्व मधुमेही लोकांसाठी नियम सांगता येत नाही. हे रोगी पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे होते. आपल्याकडील बहुतेक रोगी दुसऱ्या प्रकारचे आहेत. आपला आहार वेगळा, आपल्या पोटातील वस्तीही वेगळी. शिवाय झिजलेल्या चेता या उपायाने पुन्हा उगवतात, असे कोणी सिद्ध केलेले नाही. आणखी मोठे प्रयोग व्हावे लागतील.

या उपायात धोकाही आहे. चांगल्या जिवाणूंबरोबर वाईट जिवाणूही जाऊ शकतात. अमेरिकेत २०१९ मध्ये दोन रोग्यांना प्रत्यारोपणातून असा जिवाणू मिळाला की, ज्यावर अनेक औषधे चालत नव्हती. त्यांपैकी एक रोगी दगावला. तेव्हापासून नियम अधिक कडक झाले. आपले सूक्ष्मजीव देणाऱ्या माणसाला दाता म्हणतात. दात्याच्या प्रकृतीची कसून चौकशी होते. कावीळ, एड्स इत्यादी रोगांसाठी त्याचे रक्त तपासतात. जंत आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू यांसाठी त्याची विष्ठा तपासतात. पुढे आलेल्या दात्यांपैकी फार थोडे या परीक्षेत उत्तीर्ण होतात. नंतर ते द्रव गाळून उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवून ठेवतात. म्हणून हे काम मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांचेच आहे. कोणी घरगुती उपाय म्हणून ते सुचवले, किंवा ‘एका कॅप्सूलमध्ये शुगर गायब’ अशी जाहिरात केली, तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. अशा जाहिरातींना भुलून जे इन्सुलिन बंद करतात, त्यांचा जीव धोक्यात येतो.

आपल्यापैकी काहींच्या मनात पाक-नापाकचा प्रश्न येईल. तो येणे स्वाभाविक आहे. अशी वेळ आलीच, तर अनुभवी डॉक्टर आणि जाणकार आलिम या दोघांचाही सल्ला घ्यावा. पण केवळ किळस वाटते म्हणून ज्ञानाकडे पाठ फिरवू नये.

मग आज आपल्या हातात काय आहे? पुष्कळ काही आहे.

पहिली गोष्ट म्हणजे साखर ताब्यात ठेवणे. साखर ताब्यात राहिली, तर पोटातील चेता जास्त काळ शाबूत राहतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तातील साखर तपासून घ्यावी. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. आजार वाढलेल्या रोग्याला तेथे दाखवता येते.

दुसरी गोष्ट आहाराची. पोटातील चांगल्या जिवाणूंना जे लागते, ते मराठवाड्याच्या मातीत भरपूर पिकते. ज्वारीची भाकरी, लातूरच्या बाजारातील तूरडाळ, अंबाडी आणि मेथीची भाजी यांत तंतू असतात. ताज्या दह्या-ताकातही उपयोगी जिवाणू असतात. निरोगी माणसाने आणि बहुतेक मधुमेही माणसांनी असा आहार घ्यावा. मात्र ज्यांचे जठर मंद झाले आहे, त्यांना जास्त तंतू असलेले आणि तेलकट अन्न आणखी जड जाते. त्यांना थोडे थोडे, मऊ शिजवलेले अन्न दिवसातून अनेकदा घ्यावे लागते. म्हणून शेजाऱ्याला मानवले ते आपल्याला मानवेलच, असे समजू नये. डॉक्टरांना विचारून आहार ठरवावा.

तिसरी गोष्ट अँटिबायोटिक औषधांची. सर्दी झाली की औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून खाण्याची सवय वाईट आहे. त्या गोळ्या सर्दी बरी करीत नाहीत, पण पोटातील वस्ती मात्र उजाड करतात. डॉक्टरांनी लिहून दिल्या, तरच त्या घ्याव्यात आणि सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्याव्यात.

चौथी गोष्ट रमजानची. दिवसभर रोजा आणि इफ्तारला एकदम पोटभर तळलेले पदार्थ, हे मंद जठराला फार जड जाते. मधुमेही माणसाने रमजानच्या एक-दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटावे. रोजा ठेवता येईल का, औषधाची वेळ कशी बदलावी, सेहरीला काय खावे, हे त्यांना विचारावे. रोज्यात बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासत राहावे. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडावा असे तज्ज्ञ सांगतात. आजारी माणसाला धर्मानेही सवलत दिलेली आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पोटाच्या तक्रारी लोक लपवतात. दादी रात्री चार वेळा उठते, पण कोणाला सांगत नाही. नाना लग्नाच्या दावतीला जाणे टाळतात, कारण वाटेत शौचाला लागेल अशी त्यांना भीती वाटते. घरातल्यांना वाटते, वयच झाले आहे. डॉक्टरांपुढे बसले तरी ते पायाची आग सांगतात, डोळ्यांचे सांगतात, पण पोटाचे सांगायला लाजतात. डॉक्टर गर्दीत असतात, तेही विचारत नाहीत. अशा रीतीने वर्षे जातात. वास्तविक यावर आजही औषधे आहेत. जठराची हालचाल वाढवणारी औषधे आहेत, जुलाब आवरणारी आहेत. कधी कधी मेटफॉर्मिनच्या गोळीनेच जुलाब होत असतात आणि डॉक्टरांनी मात्रा बदलली की ते थांबतात. गोळी आपण होऊन मात्र बंद करू नये. प्रत्यारोपणाची वाट न पाहताही पुष्कळांना आराम मिळू शकतो. अट एकच, आजार सांगितला पाहिजे.

येथे तुम्ही मुले मोठे काम करू शकता. घरातील वडीलधाऱ्यांना मधुमेह असेल, तर त्यांना आदराने विचारा, “दादी, आपल्याला जेवण पचते का? रात्री उठावे लागते का?” त्या जे सांगतील, ते तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. जेवणाची वेळ, साखरेचा आकडा आणि पोटाचा त्रास, अशी तीन सदरे आखा. दवाखान्यात जाताना ती वही बरोबर न्या. जी गोष्ट दादी तोंडाने सांगू शकत नाही, ती डॉक्टर त्या वहीत वाचतील.